गाळलेला भाग

“त्या पिच्चरात मेलेला माणूस किती दिस मशिनवर ठेवला हुता रं?” राजमतीकाकूंनी विचारलं.

“चार,” त्यांचा पुतण्या अतिशय बोलून गेला. काकूंनी हे का विचारलं ते त्याला मग कळलं. काचेच्या दारापलीकडे आदगोंडाकाकांचा व्हेंटिलेटरवरचा आज चौथा दिवस होता.

मिरजेच्या त्या दवाखान्यात नातेवाइकांना सकाळी एकदा आत सोडत. आज काकू आत गेल्या, त्यांनी काकांचा हात धरला. हात गार होता, नखं निळसर पडली होती. बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या आणि गावाकडून आलेल्या तिघाचौघांना त्यांनी शांतपणे सांगितलं, की माणूस कवाच गेलाय, आतली माणसं नुसती छाती हलती ठेवत्यात. कुणी त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही. उलट एक म्हातारा म्हणाला, असं चालतंय म्हणं, पिच्चर पण आलाय त्याच्यावर.

तो पिच्चर गावात पोचवला होता अतिशयनं.

रसायनशास्त्रात पदवी घेऊन तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला होता. सुट्टीच्या दिवशी सांगलीत जो लागला असेल तो पिच्चर बघायचा आणि घरी येऊन काका-काकूंना सगळा सांगायचा, असा त्याचा शिरस्ता. खांद्यात गोळी घुसलेला जवान त्याच हातानं झेंडा रोवतो म्हणून तो दहातले तीन गुण कापायचा. आरशात न दिसणारं भूत फोनवरच्या फोटोत कसं येतं, यावर काकांशी वाद घालायचा. काका हसून हसून खोकायचे. गेल्या महिन्यातला दवाखान्याचा पिच्चर तर त्यांनी दोनदा सांगायला लावला होता. बिल फुगवायला मढं मशिनवर ठेवणाऱ्या डॉक्टरचा अतिशय असा काही गोड आवाज काढायचा, की शेजारची माणसंही ऐकायला यायची.

मढं चार दिवस असं राहत नाही. काही तासांत ताठरतं, मग फुगतं, वास सुटतो. ही चूक त्याला खुर्चीत बसल्या बसल्याच दिसली होती. घरी सांगताना मात्र त्यानं तेवढा भाग गाळला. गोष्ट रंगली होती.

तो काकूंच्या पायाशी उकिडवा बसला. काकांना न्यूमोनिया आहे, रक्तदाब पडू नये म्हणून एक औषध थेंबाथेंबानं चालू आहे, ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून हात गार लागतो, असं त्यानं सोपं करून सांगितलं. खाटेखालची पिशवी बघा म्हणाला. “मेलेला माणूस लघवी करत न्हाई, काकू.”

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मायेनंच.

“त्यो डाक्टर पण असंच बोलत हुता की. तूच आवाज काढून दावलास.”

“त्यो पिच्चर हुता.”

“मग तवा का न्हाई म्हणलास, की हे खोटं हाय म्हणून?”



डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. शक्यता निम्मी-निम्मी आहे, अजून चार दिवस द्या, म्हणाल्या. आवाज मऊ होता. चार दिवस म्हटल्याबरोबर बाकावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. काकू उठल्या आणि बाईंना हात जोडले. जीव असला तर त्याच्या कानात णमोकार मंत्र घरात पडू दे आणि नसला तर माझं माणूस माझ्या दारात येऊ दे, एवढंच त्या म्हणाल्या. बाईंनी आणखी दोनदा समजावलं. मग डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेत असल्याचा कागद आला.

कागदावर एक ओळ नातेवाइकानं स्वतःच्या हातानं लिहायची होती. काकूंनी पेन अतिशयकडे दिलं. “तू शिकलेला हायस. लिही.”

तो लिहिणार नाही म्हणाला. मग काकू ते पेन म्हाताऱ्याकडे द्यायला निघाल्या. अतिशयनं ते परत घेतलं. नाहीतरी कुणीतरी लिहिणारच, निदान वाटेत आपण काकांच्या शेजारी असू, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. ‘परिणामांची पूर्ण कल्पना आम्हाला देण्यात आली आहे’ असं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं. काकूंनी खाली सही केली.

रक्तदाबाच्या औषधाचा पंप दवाखान्यातच राहिला. रुग्णवाहिकेत दवाखान्यातला ब्रदर एका हातानं काकांच्या घशातली नळी धरून दुसऱ्या हातानं तिला जोडलेला हवेचा फुगा दाबत होता. काकू काकांचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तोंडानं मंत्र चालू होता. कृष्णेवरचा पूल आला, तशा त्या मध्येच थांबल्या. काकांचा तळवा त्यांनी स्वतःच्या गालाला लावला.

“अतिशय, हात गरम झाला रं.”

त्यानं दुसरा हात धरून पाहिला. खरंच गरम होता. नखांवर लाली येत होती. औषधाचा असर उतरला होता, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल पडल्या होत्या. हातात आलेलं ते रक्त आता मेंदूला आणि हृदयाला पुरणार नव्हतं. त्यानं ब्रदरकडे पाहिलं. ब्रदरनं मान खाली घातली आणि फुगा दाबत राहिला.

“जित्ता हाय,” काकू म्हणाल्या. “मी उगंच त्या माणसांवर आळ घेतला बघ.” त्यांनी डोळे पुसले, पदराच्या गाठीतून फोन काढला आणि घरी अतिशयच्या आईला लावला.

“सुंदरी, दिस बुडायच्या आत येतोय बघ आमी. ह्यांच्यासाठी मऊ भात टाक.”