क्रीचर

"बाळाचा बाप्तिस्मा तू केलास?" पाद्रीबाबांनी पार्नेल सुईणीला देवळात सगळ्या गावासमोर विचारलं.

ती हो म्हणाली.

शेजारी बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाला टेकून गर्व्हेस मेंढपाळ उभा होता, नऊ दिवसांच्या लेकीला घेऊन. रोज एका हाताने कोकरं उचलणारा गडी, पण हिला त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. बायको लेटिस बाळंतपणात गेली. निदान तिचं नाव तरी लेकीला मिळावं, एवढंच त्या बिचाऱ्याला हवं होतं.

पण नाव आधीच पडून बसलं होतं. पोटात जुळं अडलं होतं. एकाचा हात दिसत होता, एकाचा पाय. मुलगा की मुलगी, कुणाला ठाऊक! अशा वेळी इंग्लंडातल्या केंट परगण्यातल्या सगळ्या सुइणी करतात तेच पार्नेलने केलं. जीव जाण्याआधी बाप्तिस्मा व्हावा म्हणून पाणी शिंपडलं आणि दोघांना एकच नाव दिलं, क्रीचर. म्हणजे देवाने घडवलेला जीव. मुलगा निघो की मुलगी, चालून जातं. फार वेळ वापरावं लागेल असं कुणी धरतच नाही. दोन्ही मुली निघाल्या. एक गेली, तिला आईच्या कुशीतच पुरलं; दुसरी मात्र हट्टाने जगली. आणि बाप्तिस्मा काही दोनदा होत नाही, त्यात पडलेलं नाव बदलत नाही.

म्हणून सकाळीच गर्व्हेस पार्नेलच्या दारात जाऊन रडला होता. पाणी लागलंच नाही असं सांग, मग बाबा नव्याने नाव ठेवतील. पार्नेल आयुष्यात देवळात कधी खोटं बोलली नव्हती. तरी ती कबूल झाली होती.

"कशाने केलास?" पाद्रीबाबांचा दुसरा प्रश्न आला. "नीट आठव. भांडं एकच होतं. हिला पाणी लागलं नसेल, तर त्या दुसरीलाही लागलं नाही. मग तिला आईच्या कुशीतून काढून दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरावं लागेल; बाप्तिस्म्याविना आत जागा नाही."

हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. पार्नेलने गर्व्हेसकडे पाहिलं.

"पाणी लागलं होतं म्हण, मावशी," गर्व्हेस म्हणाला.

"पाण्यानेच केला, बाबा," पार्नेल म्हणाली.

पाद्रीबाबांनी वहीत नाव लिहिलं.

बाहेर आल्यावर गर्व्हेस लेटिसच्या कबरीच्या ओल्या मातीशी थांबला. "क्रीचर," त्याने पहिल्यांदाच हाक मारली.

हातातली हलली. पण नाव दोघींचं होतं; तो बराच वेळ मातीकडे बघत तिथेच उभा राहिला.