बरणीतल्या जनावराचं नाव

"अस्वल्या," इंद्रभाननं बरणीच्या तोंडाशी वाकून हाक मारली. काही हललं नाही.

"गोसावीण." तरी नाही.

ओसरीवर बसलेले माणिकराव गुरुजी पाहत होते. ते जिल्हा परिषदेच्या नव्या शाळेत विज्ञान शिकवत. इंद्रभाननं निरोप धाडला म्हणून ते एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आले होते.

बरणी दुकानातली होती, गोळ्या-बिस्किटांची. तळाला माती, मातीवर चिंचेच्या सालीचा तुकडा, आणि सालीआड तळहाताएवढा केसाळ कोळी. तो इंद्रभानच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी पाळला होता. त्या जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. टाकलेले रातकिडे त्याच्या अंगावरून फिरत होते.

"तिनं नाव घेऊन हाक मारली की बाहेर येई," इंद्रभान म्हणाला. "मी माजघरातून ऐको. पण नाव काय घेई ते समजे नाही. मी आलो की ती गप."

"कोळ्याले कान नसतात, आबा."

"नसतील. पण येत होता ना!"

गुरुजींनी पुस्तक मांडीवर घेतलं.

"आपल्या वडनेरात याले अस्वल्या म्हणतात," इंद्रभान सांगू लागला. "तिच्या माहेरी, सुलतानपुरात, गोसावीण. वरवट बकालचा एक पाहुणा आला होता, त्याले विचारलं. तो म्हणे, अस्वल्या म्हणजे पिवळा, दिव्याखाली पळते तो."

"तो तर कोळीच नाही. पाय आठ, पण जात दुसरी."

"मंग याचं खरं नाव काय? तेवढं सांगा."

गुरुजींनी पुस्तक उघडलं. "साहेब लोक याले टॅरँटुला म्हणतात. पण खरा टॅरँटुला इटलीतला, याच्याहून लहान. मंग मोठा केसाळ कोळी कुठंही दिसला की त्याले तेच नाव देऊन टाकलं."

"म्हणजे त्यायचंही आपल्यावानीच."

"म्हणून तर शास्त्रातलं नाव असते. साऱ्या जगात एकच." गुरुजींनी चित्राखाली बोट ठेवलं. "मायगेल."

"मायगेल," इंद्रभाननं लगेच बरणीत हाक मारली.

"थांबा, आबा." गुरुजी खालची बारीक अक्षरं वाचत होते. "हे जुनं झालं. हे नाव आधीच दुसऱ्या एका जनावराले देल्लेलं निघालं. मंग बदललं. आता पेसिलोथेरिया. म्हणजे… तेच असावं, असं वाटते."

"शास्त्रातही नव्या नवरीवानी नाव बदलते?"

"बदलते."

"अन् जनावराले सांगते का कोणी?"

गुरुजी हसले. इंद्रभान हसला नाही. तो तोंडातल्या तोंडात नवं नाव घोळवत होता. "पेशी… पेसिलो…" बरणीतल्या कोळ्यानं एक पाय आत ओढून घेतला, तेवढंच.

"कात टाकायच्या आधी हे महिना महिना खात नाहीत, असं इथं लिहिलं हाय," गुरुजी म्हणाले.

"कोणाबद्दल लिहिलं? याच्याबद्दल, का इटलीवाल्याबद्दल?"

गुरुजींनी पान मागं उलटलं, पुढं उलटलं. "ते नाही समजत."

आतून सोजराबाई चहा घेऊन आल्या. त्या सुभद्राबाईंच्या धाकट्या बहीण. मासिक श्राद्धासाठी सुलतानपूरवरून आल्या होत्या. "दाजी, सकाळपासून नावंच घेऊन राह्यले. बारसं हाय का त्याचं?"

"तुले मालूम हाय का, ती काय म्हणे?"

सोजराबाईंनी कप खाली ठेवले. "मालूम हाय."

"मंग सांग ना!"

"माह्या तोंडानं कसं घेऊ?"

"काऊन? शिवी हाय का?"

"शिवी काऊन राहील?" त्यांनी गुरुजींकडे पाहून पदर सारखा केला. "तुमचंच नाव हाय, दाजी."

गुरुजींचं बोट पानावरच राहिलं.

"ती म्हणे, कोणी नवऱ्याचं नाव पुसलं की सांगाले पोरायकडे पाहा लागते," सोजराबाई म्हणाल्या. "जन्म गेला, कधी तोंडातून काढलं नाही. मंग जवळ कोणी नसलं की बरणीपाशी बसे अन् सरळ नावानं बोलावे. राव नाही, जी नाही. मले सांगताना हसू हसू लोटपोट होये."

इंद्रभाननं बरणीकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "रागानं बोलावे?"

"नाही जी. लेकराले जेवाले बोलावते ना, तसं."

तो बरणीशी वाकला. स्वतःचं नाव त्यानं ओठांपर्यंत आणलं. ते बाहेर पडेना. त्यानं बरणी उचलून सोजराबाईंपुढे ठेवली.

"तू म्हण. तुहा आवाज तिच्यासारखा हाय."

"मी कशी म्हणू, दाजी? तुम्ही मोठे."

"ते उपाशी हाय, सोजरा."

सोजराबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, गुरुजींकडे पाठ करून बसल्या आणि बरणीच्या तोंडाचं फडकं सोडायला लागल्या.

आपल्यासमोर त्यांना ते जमणार नाही, हे इंद्रभानला दिसत होतं. चहा तसाच ठेवून तो उठला, ओसरी उतरला आणि अंगणात पाठमोरा जाऊन उभा राहिला. फार लांब नाही. ऐकू येईल इतकाच.