लाल ठिपका

"आज कॅमेरा तू धर," सर म्हणाले, आणि ट्रायपॉडला आभाळ ठेंगणं झालं.

ट्रायपॉड हे तिचं संस्थेतलं नाव. सिनेमा शिकायला मिळेल म्हणून ती इथे फुकट राबायला आली आणि वर्षभर कॅमेऱ्याचं ते तीन पायांचं धूड खांद्यावर वाहत राहिली. "शिकतेयस कसली, बिनपगारी हमाल झालीस," आई रोज ऐकवायची. आज कॅमेरामन तापाने आडवा पडला होता. आज जमलं तर कॅमेरा तिचा. चुकलं तर पुन्हा हमाली.

संस्था कृत्रिम पाय बसवून द्यायची. फिल्म देणगीदारांसाठी होती. समोर शिंपीणकाकू. नवा पाय मिळाल्यापासून काकू आपलं पायाने चालवायचं शिलाई मशीन पुन्हा दामटत होत्या.

"पाय काढून पलंगाखाली सरकवा," सर म्हणाले. "मशीनवर चादर टाका. आणि रडा काकू, पोटातून रडा."

"अहो, माझं रडून झालं तेव्हाच. संध्याकाळी दोन ब्लाउज द्यायचेत मला!"

"हसऱ्या तोंडाला कुणी देणगी देत नाही, काकू."

दुःख विकायचं तर ते ताजं दिसावं लागतं. ज्यांनी पाय दिला, त्यांनीच तो काढायला लावला.

ट्रायपॉडने कॅमेरा रोखला. तिने बटण दाबलं. नीट लागलं की नाही म्हणून पुन्हा दाबलं. काकू पदर तोंडाला लावून रडल्या. सर "कट" ओरडले, तिने बटण दाबलं.

काकूंनी तेवढ्यात पाय चढवला, पट्टा आवळला, चादर भिरकावली आणि मशीनवर बसल्या. खडखडखड! "जुन्या पायाला गोळे यायचे. ह्या मेल्याला तेवढंही कळत नाही!" त्या खदखदून हसल्या.

ट्रायपॉडची नजर कॅमेऱ्याच्या पडद्यावर गेली. चित्रण चालू असलं की कोपऱ्यात उमटतो तो लाल ठिपका आत्ता उमटला होता. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा चित्रण बंद पडलं होतं; रडणं गेलं होतं. हसणं भरलं जात होतं.

"आलं ना सगळं?" सरांनी विचारलं.

ती म्हणाली, "अजून घेऊ या ना, सर. दोन-तीनदा."

"शाब्बास! अशी भूक पाहिजे!"

काकू आणखी तीनदा रडल्या. मधल्या वेळात एक ब्लाउज शिवून झाला.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत अध्यक्षबाई आणि देणगीदार जमले. कौतुक करून घ्यायची सरांना एवढी घाई, की त्यांनी चित्रण न बघताच भिंतीवर लावलं. भिंतीवर काकू पाय चढवत होत्या, मशीन हाणत होत्या, मेल्या पायाला शिव्या घालत होत्या. देणगीदार पोट धरून हसले. मग सरांचा आवाज आला: "चला, पाय पुन्हा पलंगाखाली. ह्या वेळी जास्त रडा."

हसू जागच्या जागी थिजलं. अध्यक्षबाई सावकाश सरांकडे वळल्या.

सर ट्रायपॉडवर उखडले. "अगं गाढवे, बटण उलटं दाबलंस! चारही वेळा!"

"उलटं एकदाच दाबलं, सर," ती म्हणाली. "पुढच्या तिन्ही वेळा मी अगदी नीट दाबलं."