पावलावरची नाडी

दिनांक ११ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी रक्ताच्या चार पिशव्या तयार झाल्या. माझा धाकटा भाऊ मुकुंद मोटारसायकलवरून पडला होता आणि हँडल पोटात जोरात बसले होते. जखम दिसत नव्हती. उजवा पाय मात्र गार पडला होता.

"पायाकडे जाणारी धमनी मार लागून पोटातच बंद झाली आहे," सर्जन सबनीसबाई म्हणाल्या. "तो तुकडा काढून कृत्रिम नळी जोडू. रक्त पोहोचलं नाही, तर पाय कापावा लागेल."

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला आत बोलावले आणि मुकुंदच्या पावलावर नाडीची जागा दाखवली. मी वाकून दोन बोटे ठेवली.

पाय कोमट होता. मोजायला सुरुवात केली, तोच मुकुंदने डोळे उघडले आणि पाय झटकन ओढून घेतला.

"अण्णा, माझ्या पाया काय पडताय? पाप लागेल मला!"

"पाया पडत नाही, गाढवा, नाडी मोजतोय. तुझ्यामुळे मोजणी चुकली. ठेव पाय इकडे."

त्याने संकोचत पाय पुढे केला. मी घड्याळ धरले.

मिनिटाला ब्याऐंशी.