रंगीत पडदा

पुढे पुरुष, मागे बायका आणि मध्ये पडदा, अशी सभा भरली होती. निबंध द्वारकेने लिहिलेला, पण बाईने चारचौघांत वाचायचं नाही, म्हणून अध्यक्ष वाचत होते.

“बायका शिकल्या, तर नवऱ्याचा संसार सुखाचा होईल.”

टाळ्या पडल्या.

“असं मी लिहिलेलं नाही,” पडद्यामागून द्वारका म्हणाली.

“जरा सौम्य केलं, बाई,” अध्यक्ष समजुतीने म्हणाले.

निबंध तिला तोंडपाठ होता. ती जागेवरूनच म्हणू लागली, “नवरा गेला, तरी बाईला कुणाच्या दारी तुकड्यासाठी उभं राहावं लागू नये, म्हणून तिने शिकावं.”

“कोण बोलतंय?” पुढून कुणीतरी दरडावलं.

शेजारी बसलेल्या सासूबाई उठल्या, तशी द्वारका गप्प झाली. विधवा झाल्यापासून मुलगा कमावता होईपर्यंत त्यांनी दिराच्या तुकड्यांवर दिवस काढले होते. तेव्हापासून पेटीत पडून राहिलेली आपली रंगीत लुगडी जोडून हा पडदा त्यांनीच शिवून दिला होता.

त्यांनी पडद्याच्या गाठी सोडल्या.

“लुगडी माझी आहेत, घरी नेते,” त्या म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. “थांबलीस का? पुढचं सांग.”