पाडव्याची ओवाळणी

"अहो, वेलची कुठेय?" कालिंदीआजींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मिठाच्या बरणीमागे," अण्णा बाहेरूनच म्हणाले.

करंजीची कड दुमडता दुमडता हानाला हसू आलं. प्रागला तिच्या घरीही हेच. आईला काही म्हणून सापडायचं नाही, बाबांना मात्र सगळं ठाऊक.

मराठी शिकायला ती मुंबईत आली, तेव्हा शिकवणाऱ्या संस्थेने तिची सोय गिरगावातल्या या चाळीत लावली. दोन महिन्यांत पुस्तकापेक्षा जास्त भाषा ती या दोघांच्या कुरबुरींतून शिकली. आजी 'अहो' म्हणत, अण्णा 'ऐकलं का' म्हणत. झोपायला आजी आणि हाना समोरच्या खोलीत जात. अण्णांच्या घोरण्यापुढे कुणाचा टिकाव लागत नाही म्हणे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फराळ झाल्यावर हानाने आपल्याकडचा नाताळचा खेळ मांडला. परातीत पाणी, पाण्यात अक्रोडाची अर्धी टरफलं, प्रत्येकात मेणबत्तीचा तुकडा.

"एकेकाची एक होडी," ती म्हणाली. "ज्याची दूर गेली, तो प्रवासाला जाणार. ज्यांच्या चिकटल्या, ते एकत्र राहणार."

हानाची होडी भरकटत काठाला लागली. उरलेल्या दोन एकमेकींना जाऊन चिकटल्या, त्या काही केल्या सुटेनात.

"वाऱ्याने झालं," आजी घाईघाईने म्हणाल्या. पंखा तर बंद होता. मेण संपेपर्यंत अण्णा परातीपाशी बसून राहिले.

पाडव्याला सकाळी तबक हानानेच सजवलं.

"आज बायको नवऱ्याला ओवाळते ना? चला, आजी."

"राहू दे गं. या वयात कसलं ओवाळणं!"

"मला बघायचंय. पुढच्या दिवाळीला मी इथे नसेन."

आजींनी अण्णांकडे पाहिलं. ते केव्हाच नवा सदरा घालून पाटावर बसले होते, शाळेतल्या मुलासारखे ताठ. आजींकडून कुंकू जरा वाकडंच लागलं. निरांजन तीनदा फिरलं. हानाने फोटो काढला. दोघांचं हे लाजणं तिला फार गोड वाटलं. पन्नास वर्षांच्या संसारानंतरही!

"अण्णा, आता ओवाळणी!"

अण्णांनी खिशात हात घातला आणि तो तसाच रिकामा बाहेर काढला. मग घसा खाकरला.

"कालिंदीबाई, संस्था एकट्या पुरुषाकडे मुलगी ठेवत नाही, म्हणून तुम्ही समोरच्या तुमच्या खोलीतून येऊन दोन महिने माझी बायको झालात," ते म्हणाले. "आता खरंच लग्न करू या?"