बाहुलीची शाळा

टोरांटोतली सगळी दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे मेव्हिसला लेकीसाठी मनासारखी बाहुली मिळाली होती. लेकीसारखीच काळीभोर, तसेच घट्ट कुरळे केस. घानाच्या माणसांत शुक्रवारी जन्मलेली मुलगी ती अफुआ. बाहुलीही शुक्रवारीच घरी आली, म्हणून लेकीनं तिचंही नाव अफुआच ठेवलं.

वर्गात काळी मुलगी एकटी अफुआच, त्यामुळे मेव्हिसच्या जिवाला घोर असायचा. "शाळा कशी गेली गं?" विचारलं की पोर रोज "छान" म्हणून मोकळी. आज पालकसभेत बाईंनीही तोंडभर हसून सांगितलं, "आमच्याकडे रंगबिंग कुणी बघत नाही हो. सगळी लेकरं सारखीच!" मेव्हिसला हायसं वाटलं.

घरी आल्यावर तिनं टोमॅटोचा लाल भात लावला आणि लेकीच्या खोलीकडे गेली. अफुआनं शाळा मांडली होती. अस्वल, ससा, सोनेरी केसांची बाहुली, सगळे गालिच्यावर ओळीनं बसलेले. काळी बाहुली तेवढी दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून उभी.

मेव्हिसला हसू आलं. "काय हो बाई, हिनं काय दिवे लावले?"

अफुआनं कपाळाला आठ्या घातल्या आणि थेट त्या बाईंच्याच आवाजात म्हणाली,



"अजून काही नाही. आत्ता कुठे वर्ग भरलाय."